गुहांवरचा कोणता सिनेमा मुलांना दाखवावा? (ठाणे, सोसायटीचा हॉल)

पाचपाखाडीकर

मंडळी, थोडी मदत हवी आहे. आमच्या सोसायटीतल्या मुलांना घेऊन आम्ही काही पालक थंडीत ट्रेकला जातो. पावसाळ्यात एवढ्या पोरांना निसरड्या वाटांवर न्यायचं आम्ही टाळतो. त्याऐवजी जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये एक सिनेमा लावतो आणि नंतर गप्पा मारतो. मुलं अकरा ते सोळा वयाची आहेत. मागच्या खुर्च्यांवर आईबाबा असतात, काही आज्याही येतात आणि शेवटपर्यंत बसतात.

यंदाचा विषय मुलांनीच ठरवला आहे: गुहा. कारण अर्थातच 'मंजुम्मेल बॉईज' हा मल्याळी सिनेमा. परवा जिन्याच्या कठड्याला ओढणी बांधून एकाला खाली सोडायची तयारी चालली होती आणि बाकीचे वरून "सुभाऽऽष" म्हणून ओरडत होते. ओढणी मी काढून घेतली, पण नुसतं रागावून भागणार नाही. गुहेत माणसं का उतरतात, कशी उतरतात, आत नेमकं काय असतं, हे त्यांना नीट बघायला मिळावं असं मनापासून वाटतं. थरार चालेल, नुसती भीती नको.

चार शनिवार हाताशी आहेत. काय लावू, आणि काय अजिबात लावू नको? लहान मुलं इंग्रजी सबटायटल्स वाचताना मागे पडतात, तेही लक्षात घ्या.

अजून एक अडचण. हॉलच्या भिंती पांढऱ्या आहेत आणि खिडक्यांतून पार्किंगचा उजेड येतो. गेल्या वर्षी एका सिनेमात रात्रीचा प्रसंग होता, तो कुणाला धड दिसलाच नाही. गुहेचे सिनेमे तर काळोखातलेच असणार. तेव्हा हा घाट घालावा का, इथपासून सांगा.

कातळवेडा (कळवा)

जरूर घाला. सुरुवात 'मंजुम्मेल बॉईज'नेच करा, मुलांनी पाहिला असला तरी. फक्त आधी सांगा की ही 2006 मधली खरी घटना आहे. कोचीजवळच्या मंजुम्मेलची मुलं कोडाईकनालला गेली होती. गुहेचं जुनं नाव डेव्हिल्स किचन, 1991 च्या कमल हासनच्या 'गुणा' सिनेमामुळे ती गुणा केव्ह्ज झाली. कुंपण ओलांडून आत शिरल्यावर सुभाष नावाचा एक जण विवरात पडला आणि त्याच्यासाठी खाली उतरलेल्या मित्राला पुढे जीवनरक्षा पदक मिळालं. पदकाची गोष्ट आधी सांगितली की मुलं कुंपणाची गोष्ट विसरतात. म्हणून कुंपणावर आधी बोला.

आणि दोर. पोरांना एकदा खरा रोप, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) हातात द्या. माणसाचं वजन पेलणारी गाठ कशी असते ते बोटांना कळलं की ओढणीचा नाद आपोआप सुटेल. येऊरच्या बाजूला रॅपलिंग शिकवणारे ओळखीचे आहेत. हवं असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

'द डिसेंट' लावू नका. भयपट आहे, रक्त फार आहे.

उजेडवाली

दादा, मी नाटकांची प्रकाशयोजना करते. गडकरी आणि घाणेकर या दोन नाट्यगृहांच्या लाइट बूथमध्ये माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. त्यामुळे गुहेचा सिनेमा बघताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा उजेड आला कुठून?

रात्री जंगलात निदान चांदणं तरी असतं. गुहेत मुखापासून आत दोन वळणं गेलात की काहीच नसतं. डोळे सरावतील म्हणून कितीही वेळ थांबा, ते सरावत नाहीत, कारण सरावायलासुद्धा थोडा प्रकाश लागतो. म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते कुणीतरी आत नेलेल्या दिव्यामुळेच दिसतं. हे भान ज्या दिग्दर्शकाने सोडलं त्याच्या गुहेत कानाकोपऱ्यातून निळसर उजेड झिरपत असतो, आपल्या मालिकांमधल्या भुयारांत असतो तसा. मुलांना हे आधी सांगा आणि मग प्रत्येक प्रसंगात दिवा कुणाच्या हातात आहे ते शोधायला लावा. मुलं या खेळात इतकी गुंततात की घाबरायला त्यांना सवड उरत नाही. बघायला शिकतात ते वेगळंच.

माझ्या मते एक शनिवार 'केव्ह ऑफ फरगॉटन ड्रीम्स'ला द्यायलाच हवा. वेर्नर हेरझॉगचा 2010 चा माहितीपट, फ्रान्समधल्या शोव्हे गुहेवरचा. 1994 च्या डिसेंबरात तीन गुहाशोधकांना दगडांच्या फटीतून हवेचा झोत येताना जाणवला. त्यांनी दगड हलवले आणि आत उतरले. पुरातन काळी दरड कोसळून गुहेचं तोंड बंद झालं होतं, म्हणून आतलं सगळं जसंच्या तसं राहिलं: अस्वलांच्या कवट्या, पावलांचे ठसे, आणि भिंतींवर घोडे, गेंडे, सिंह. सगळ्यांत जुनी चित्रं 30,000 वर्षांपेक्षाही जुनी आहेत.

ही गुहा लोकांसाठी कधीच उघडली नाही. त्याला कारण आहे. लास्को ही फ्रान्समधलीच दुसरी चित्रगुहा, तिथे बघ्यांच्या श्वासांनी आणि दिव्यांनी भिंती खराब व्हायला लागल्या आणि 1963 मध्ये ती बंद करावी लागली. हेरझॉगलाही परवानगी मिळाली ती कडक अटींवर. आत त्याच्यासह चारच माणसं, दिवसाला मोजके तास, दोन फुटी धातूच्या वाटेवरून पाऊल खाली टाकायचं नाही, आणि तापणारे दिवे चालणार नाहीत. बॅटरीवरचे थंड दिवे हातात धरून काम.

स्टँडला जागा नाही, म्हणून दिवा हातात, आणि हात म्हटला की तो हलणारच. रंगमंचावर स्पॉट असा हलला तर आम्ही त्या मुलाला फैलावर घेतो. इथे त्या हलण्यानेच चित्रं जागी होतात. गुहेची भिंत सपाट नाही, तिला फुगवटे आहेत, खळगे आहेत, आणि काढणाऱ्याने जनावरं त्या उंचसखलपणाचा उपयोग करून काढली आहेत. दिवा डावीकडून उजवीकडे सरकतो, सावली घोड्याच्या मानेवरून घरंगळते आणि घोड्याने मान हलवल्यासारखं वाटतं. एका बायसनला आठ पाय आहेत. हेरझॉग म्हणतो की ही जणू सिनेमाचीच सुरुवात. मला ते पटतं, कारण काढणाराही मशालीच्या हलत्या उजेडात उभा होता. त्याला ती चित्रं हलतानाच दिसत असणार.

एक जागा मात्र मुद्दाम थांबवून दाखवा. मशालीचं टोक जळून काजळलं की उजेड मंदावतो. मग ते टोक भिंतीवर घासायचं, कोळसा झडतो आणि ज्योत पुन्हा धरते. अशा घासलेल्या काळ्या खुणा शोव्हेच्या भिंतींवर आहेत. ते चित्र नाही, नुसता फराटा आहे. कुणाला तरी पुढचं दिसेनासं झालं, त्याने मशाल झाडली आणि तो पुढे गेला, इतकंच. मी इतकी वर्षं दिवे लावते आहे, पण उजेड घेऊन चालणाऱ्या माणसाची याहून स्पष्ट खूण मी कुठेही पाहिलेली नाही.

मूळ चित्रीकरण थ्रीडीत आहे, तेव्हा तुमच्या प्रोजेक्टरवर भिंतींचा फुगवटा थोडा कमी जाणवेल. आणि शेवटी पांढऱ्या मगरींचं एक प्रकरण येतं. ते मला मुळीच पटलेलं नाही, मुलांबरोबर तो भाग वगळलात तरी काही बिघडत नाही.

सबटायटल्सचा प्रश्न असेल तर 'इल बूको' बघा, 2021 चा इटालियन सिनेमा, मिकेलांजेलो फ्रामार्तीनोचा. 1961 मध्ये उत्तर इटलीतली काही तरुण मुलं दक्षिणेच्या कालाब्रियात येऊन जवळजवळ 700 मीटर खोल विवरात उतरली, त्याची गोष्ट. वाचण्यासारखा संवाद जवळपास नाहीच. खऱ्या विवरात उतरून चित्रीकरण केलं आहे. विवराच्या तोंडाशी उभी राहून ही मुलं मासिकाचं पान पेटवून आत सोडतात. पान हेलकावे खात खाली जातं, त्याच्याभोवतीचा भिंतीचा तेवढाच गोल उजळतो, मग लहान होतो, मग नुसता ठिपका. किती खोल आहे ते कुणालाही न सांगता कळतं. वर डोंगरात एक म्हातारा गुराखी आजारी पडतो, तीही गोष्ट सोबत चालू राहते. संथ आहे. अकरा वर्षांची मुलं चुळबुळ करतील, आज्या मात्र हलणार नाहीत.

'द डिसेंट'बद्दल कातळवेडा म्हणतात ते बरोबर आहे, मुलांना नकोच. पण मोठ्यांपैकी कुणाला रस असेल तर सांगते: 2005 च्या त्या सिनेमातली गुहा सगळी सेटवर केली आहे, आणि तरी त्यात उजेडाशी बेइमानी नाही. हेल्मेटचे दिवे, लाल फ्लेअर, हिरवट चमकणाऱ्या कांड्या, म्हणजे पात्रांनी बरोबर आणलं तेवढंच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी तो लावून दाखवते.

तुर्भेचा पंपवाला

ताई, उजेडाचं वाचून मजा आली. आता पाण्याचं ऐका, कारण गुहेत माणूस अडकतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. माझं तुर्भ्याला पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे.

थायलंडच्या थाम लुआंग गुहेतली घटना मुलांना ठाऊक असेल. 23 जून 2018, फुटबॉल खेळणारी 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत गेले आणि मागून पाणी चढलं. ती मुलं अकरा ते सोळा वयाचीच होती, म्हणजे तुमच्या हॉलमधल्यांएवढीच. हे आधी सांगा, पुढचं सगळं त्यांना वेगळं दिसेल. 2 जुलैला दोन ब्रिटिश पाणबुडे मुलांपर्यंत पोचले आणि 8 ते 10 जुलै या तीन दिवसांत सगळे बाहेर आले. समन कुनान हे थाई नौदलाचे माजी जवान हवेच्या टाक्या ठेवून परतताना गेले. त्यांचं नाव मुलांना माहीत असलं पाहिजे असं मला वाटतं.

यावर माहितीपट आहे 'द रेस्क्यू' (2021) आणि सिनेमा आहे रॉन हॉवर्डचा 'थर्टीन लाइव्ह्ज' (2022). मी सिनेमाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण पाणी. बहुतेक जण पाणबुड्यांकडे बघतात. मी डोंगरावरच्या माणसांकडे बघतो. बेसमेंटमधलं पाणी काढायला आम्हाला बोलावतात तेव्हा लोकांना वाटतं मोठा पंप लावला की झालं. पण येणारं पाणी उपशापेक्षा जास्त असेल तर रात्रभर पंप चालवूनही पातळी जागची हलत नाही. शिवाय आडवा पाइप जितका लांब, तितका दाब घर्षणात मरतो, आणि या गुहेत मुलं तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत होती. तेव्हा खरं काम आत येणारं पाणीच अडवण्याचं. सिनेमात एक भूजलाचा इंजिनियर गावकऱ्यांना घेऊन डोंगर चढतो आणि ज्या भोकांतून पावसाचं पाणी आत मुरतं ती शोधून पाणी बांबूंनी, पाइपांनी दुसरीकडे वळवतो. वळवलेलं पाणी खालच्या भातशेतीत जातं. पीक बुडणार हे ठाऊक असून शेतकरी हो म्हणतात. प्रत्यक्षातही हे घडलं, आणि त्यातल्या काहींनी सरकारची भरपाईसुद्धा घेतली नाही. आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची तज्ज्ञ मंडळीही तिथे उपशाच्या कामाला गेली होती, हेही मुलांना सांगा.

'मंजुम्मेल'मध्येही हेच आहे बरं का. पाऊस लागतो, पाणी विवरात जायला लागतं, तेव्हा मित्र जमिनीवर आडवे पडून अंगाने पाणी अडवतात. लोक दोराच्या प्रसंगाला रडतात, मला तिथे भरून आलं.

उजेडवाली

पंपवाले दादा, भातशेतीचा प्रसंग तुमच्यामुळे आता पुन्हा बघणार.

या दोन सिनेमांबद्दल माझ्या बाजूचं थोडं सांगते. तिथलं पाणी इतकं गढूळ होतं की पाणबुडे दोर चाचपत पुढे जात होते, दिवा असून नसल्यासारखा. ते जसंच्या तसं दाखवलं तर पडदा तपकिरी आणि बाकी काही नाही. म्हणून 'थर्टीन लाइव्ह्ज'मध्ये ऑस्ट्रेलियात टाक्यांत गुहा बांधून पाणी दिसेल इतपत ठेवलं आहे. 'द रेस्क्यू'मध्ये थाई नौदलाच्या लोकांनी आत टिपलेलं खरं चित्रण बरंच आहे, पण पाण्याखालच्या पुष्कळ जागा त्याच पाणबुड्यांनी नंतर टाकीत पुन्हा करून दाखवल्या आहेत. माझी त्याला हरकत नाही. मुलांना मात्र आधी सांगावं, आणि खरं कुठलं, नंतरचं कुठलं ते ओळखायला लावावं. उजेड स्वच्छ दिसला की समजायचं.

डॉक्टर रिचर्ड हॅरिस मुलांना भूल देऊन पाण्यातून बाहेर काढायला तयार होतात, तो भाग 'द रेस्क्यू'मध्ये त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतो. त्यांना स्वतःला ते जमेल असं वाटत नव्हतं. तो ऐकताना हॉलमध्ये कुणी बोलू नये, एवढं बघा.

नेरूळची भूगोलवाली

मी शाळेत भूगोल शिकवते. मुलं तुम्हाला एक प्रश्न हमखास विचारणार: आपल्याकडे अशा गुहा का नाहीत? तयारीत राहा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत जातं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, तो तसा विरघळत नाही. कान्हेरी असो की भिवंडीजवळचं लोनाड, ती माणसांनी छिन्नीने कोरलेली लेणी आहेत. सिनेमांनंतर पाऊस ओसरला की लोनाडला मुलांना घेऊन जा, तुमच्याकडून जवळ आहे. भिंतीवरचे छिन्नीचे घाव बघितले की फरक शब्दांत सांगावा लागत नाही.

चुनखडीच्या गुहांसाठी आपल्या देशात मेघालय. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह 30 किलोमीटरहून लांब आहे. आणि चेरापुंजीजवळच्या मॉम्लुह गुहेतल्या लवणस्तंभाच्या (ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साचून वाढलेल्या खांबाच्या) थरांवरून सुमारे 4,200 वर्षांपूर्वीचा मोठा दुष्काळी काळ वाचता आला, म्हणून 2018 मध्ये पृथ्वीच्या इतिहासाच्या सध्याच्या कालखंडाला जगभर मेघालयन असं नाव मिळालं. पुस्तकात लवणस्तंभाची दोन-चार वाक्यं असतात. त्या चार ओळींमागे किती मोठी गोष्ट आहे हे सांगताना माझा तास नेहमी पुढे सरकतो.

दाखवायला बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ' (2006) मालिकेतला गुहांचा भाग घ्या. तासाभराचा आहे. त्यात न्यू मेक्सिकोतली लेचुगिया गुहा आहे, जिप्समची मीटर-मीटर लांबीची झुंबरं लटकताना दिसतात. ती गुहा चुनखडीचीच, पण कार्बोनिक नव्हे, सल्फ्युरिक आम्लाने कोरली गेली. बोर्निओत वटवाघळांच्या विष्ठेचा डोंगर आहे आणि त्यावर झुरळंच झुरळं. वर्गात हा भाग लावते तेव्हा मुलं किंचाळतात आणि परत लावा म्हणतात.

पाचपाखाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. असा क्रम ठरवतो आहे: पहिल्या शनिवारी 'प्लॅनेट अर्थ'चा भाग आणि नंतर रोप-हार्नेस हाताळायला (कातळवेडा, व्यनि करतोय). दुसऱ्याला हेरझॉग, तिसऱ्याला 'थर्टीन लाइव्ह्ज', चौथ्याला 'द रेस्क्यू'. 'इल बूको' मोठ्यांसाठी एखाद्या रविवारी. 'मंजुम्मेल'वर स्वतंत्र बोलू, पुन्हा लावत नाही. लोनाड ऑक्टोबरात.

एक शंका आहे. सगळ्यांत लहान मुलगी बंद जागेला घाबरते, लिफ्टमध्येही एकटी जात नाही. तिला बोलावू की नको? आणि हॉलच्या उजेडाचं काय करू?

कातळवेडा (कळवा)

बोलवा, पण दाराजवळची खुर्ची द्या आणि कधीही उठून गेलीस तरी चालेल हे सगळ्यांसमोर नव्हे, तिला एकटीला सांगा. झुरळांच्या शनिवारी ती बसली तर पुढेही बसेल. चिंचोळ्या फटीतून सरपटण्याचे प्रसंग थाम लुआंगच्या दोन्ही सिनेमांत आहेत, तेव्हा ते कधी येणार हे तिच्या आईला आधी सांगून ठेवा.

उजेडवाली

हॉलचं सांगते. खिडक्यांइतकाच त्रास पांढऱ्या भिंतींचा आहे. पडद्यावरचाच उजेड भिंतींवर आपटून परत पडद्यावर येतो आणि काळं ते राखाडी होतं. म्हणून पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पुढचे आठ-दहा फूट काळं जाड कापड सोडा. खिडक्यांनाही तेच, पण कापड चौकटीच्या बाहेर वीतभर तरी जायला हवं, नाहीतर कडेने रेघ येते. दाराखालच्या फटीला गोणपाटाची गुंडाळी.

प्रोजेक्टरचा ब्राइटनेस वाढवू नका, त्यानेही काळोख धुऊन निघतो. त्याऐवजी प्रोजेक्टर पुढे घेऊन चित्र लहान करा, तेवढाच उजेड कमी जागेत पडतो. रंगांचा भडक मोड बंद. राउटरचे लुकलुकणारे दिवे, एसीचा आकडा, स्पीकरचा निळा ठिपका, सगळ्यांवर काळी टेप. बाहेर जाण्याच्या वाटेवरचा दिवा मात्र झाकायचा नाही, आणि ती मुलगी दाराशी बसणार असेल तर तिच्या पायाशी छोटी बॅटरी ठेवा. साडेसातच्या आत सुरू करू नका, जुलैत तोवर बाहेर उजेड असतो.

नाटकातलं जुनं काळं कापड माझ्याकडे पडून आहे, ते घेऊन पहिल्या शनिवारी दुपारी येऊ शकते. आठ फुटी शिडी आणि ती धरायला दोन मोठी मुलं तेवढी तयार ठेवा.